बरीच नावाचं गाव

उन्हाळ्यात रात्री लाइट गेली की आम्ही सगळे माळवदावर जायचो. परभणीचं घर, हातभर जाडीच्या भिंती, दिवसभर तापलेल्या. खाली झोपायची सोयच नाही. मोठीआई, म्हणजे माझी आजी, संध्याकाळीच पाण्याचा हलका शिपका मारून ठेवायची. मग वाकळा, उशा, पाण्याचा तांब्या आणि अण्णांची बॅटरी अशी वरात जिन्यानं वर यायची. अण्णा ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. बॅटरीच्या उजेडात इंग्रजी पुस्तक धरून ते तिथल्या तिथं मराठी करत गोष्ट सांगायचे. एखादा शब्द अडला की बॅटरी बंद करून अंधारात विचार करायचे. आम्हाला वाटायचं, भीती वाढावी म्हणून करतात.

अशाच एका रात्री त्यांनी रवींद्रनाथांची ‘क्षुधित पाषाण’ सांगितली. मी सातवीत होते, भाऊ चौथीत. त्यानंतर ही गोष्ट मी किती जणांना वाचायला दिली, किती जणांना तोंडी सांगितली, याची गणती नाही. पण त्या रात्री माळवदावर जे-जे बोललं गेलं, तेवढं मजेशीर मला नंतर कुणाकडूनच ऐकायला मिळालं नाही. माझ्या लेखी ती या गोष्टीची पहिली समीक्षा, आणि समीक्षकांत दोघं फार कडक होते.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन नातेवाईक पूजेच्या सुट्टीतला प्रवास आटोपून कलकत्त्याला परतताहेत. त्यातला एक थिऑसॉफिस्ट, म्हणजे गूढविद्या मानणाऱ्या पंथातला. गाडीत एक गृहस्थ भेटतो. पोशाखावरून मुसलमान वाटणारा, जगातल्या कुठल्याही विषयावर अधिकारवाणीनं बोलणारा. जंक्शनवर उतरून पुढच्या गाडीची वाट बघताना, रात्री वेटिंग रूममध्ये तो आपली गोष्ट सुरू करतो. जुनागडची नोकरी सोडून मी हैदराबादला निजाम सरकारच्या चाकरीत गेलो, बरीच नावाच्या गावी कापसाचा महसूल गोळा करायला. नदीचं नाव शुस्ता. काठावर दीडशे पायऱ्यांच्या घाटावर एक पांढऱ्या दगडाचा महाल, अडीचशे वर्षांपूर्वी दुसऱ्या शाह महमूदनं विलासासाठी बांधलेला आणि आता ओसाड. कचेरीतला म्हातारा कारकून करीम खान सांगतो, दिवसा खुशाल राहा, रात्री थांबू नका. हा थांबतो. दिवसा आखूड इंग्रजी कोट घालून हिशेब तपासायचा आणि रात्री मखमली टोपी, सैल पायजमा, अत्तराचा रुमाल अशा थाटात, जी कधीच पुरती दिसत नाही अशा एका इराणी मुलीची वाट बघायची. पहाटे महालाभोवती मेहेर अली नावाचा वेडा ओरडत फिरतो, आणि त्याच्या आरोळीनं रात्रीचं सगळं विरून जातं.

अण्णा ‘बरीच’ म्हणाले आणि भाऊ फिसकन हसला. “बरीच काय?” त्याला वाटलं वाक्य अर्धवट राहिलं. अण्णांनी सांगितलं, गावाचं नाव आहे. त्यावर अंधारातून आबांचा आवाज आला, “असं गाव नाही.”

आबा, म्हणजे माझे आजोबा, निजामाच्या राज्यात करोडगिरीत कारकून होते. नव्या वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागतो. स्टेटच्या हद्दीवर मालाची जकात घेणारं ते खातं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘करोडगिरीचा नाका’ पुष्कळ वर्षं टिकून होता. आबांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. दप्तरही उर्दूत. महिने सांगताना ते कधीकधी आजुर, दय, बहमन असे फसली महिने सांगायचे आणि मोठीआई त्याचं चैत्र-वैशाखात भाषांतर करायची. रुपया म्हटला की हाली, म्हणजे निजामाचा, का कलदार, म्हणजे इंग्रज सरकारचा, हे विचारल्याशिवाय पुढं जायचे नाहीत; खिशात मात्र तेव्हा कित्येक वर्षं भारत सरकारचाच रुपया होता. तेव्हा कापसाचा महसूल, निजाम सरकार, कचेरी असे शब्द त्या गोष्टीत आले, तेव्हा आम्हा सगळ्यांना तो परक्या मुलखाचा मामला वाटला आणि आबांना खात्यातली फाइल उघडल्यासारखं वाटलं.

त्यांनी भुताबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं ते असं : या माणसाला इतका मोठा बंगला राहायला कुणी मंजूर केला? बाजारपेठ गावात, कचेरी गावात आणि वसुलीचा साहेब कोसभर लांब नदीवर, तर मग रोकड कुणाच्या ताब्यात? हाताखाली कारकून एकच आहे का? संगमरवरी महाल म्हणता, तर आपल्या मुलखात सगळा काळा फत्तर, हा पांढरा दगड आला कुठून आणि त्याची जकात कुणी भरली? “आणि जुनागड सोडून हैदराबाद?” आबा म्हणाले. “आगीतून फुफाट्यात.”

अण्णा वैतागले. साहित्यात असं विचारायचं नसतं, असं काहीतरी म्हणाले. “लिहिणाऱ्यानं निजामी बघितलेली नाही,” आबांनी निकाल देऊन टाकला. “हे आपल्याकडचं नाही. दुसरीकडचं उचलून इथं ठेवलंय.”

हा निकाल किती बरोबर होता, ते मला वीस-बावीस वर्षांनी कळलं. रवींद्रनाथांनी ही गोष्ट लिहिली १८९५ साली, ‘साधना’ या बंगाली मासिकात. पण तिचा महाल त्यांनी १८७८ मध्ये बघितला होता, अहमदाबादेत. वय सतरा. विलायतेला जाण्याआधी जरा इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून थोरल्या भावाकडे, सत्येंद्रनाथांकडे, राहायला आलेले. सत्येंद्रनाथ तिथं न्यायाधीश, आणि न्यायाधीशांचं निवासस्थान शाहीबागेत, शहाजहाननं गुजरातचा सुभेदार असताना बांधलेल्या महालात. खाली साबरमती, उन्हाळ्यात वाळूच्या एका कडेनं वाहणारी. भाऊ कोर्टात गेला की एवढ्या मोठ्या वास्तूत हा मुलगा एकटा, आणि आवाज म्हणाल तर कबुतरांचा. ‘जीवनस्मृती’त त्यांनी ती रिकामी दालनं, उगाच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हिंडणं आणि नदीकडच्या गच्चीवरच्या चांदण्या रात्री, सगळं लिहून ठेवलंय. पुढे अखेरच्या दिवसांत लिहिलेल्या ‘छेलेबेला’त तर ते सरळच सांगतात की क्षुधित पाषाणचं बीज त्या घरातलं. कलकत्ता हे नवं शहर, तिथं इतिहास मान वर काढून उभा असलेला दिसत नाही. अहमदाबादेत तो पहिल्यांदा दिसला, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे महाल गुजरातेतला, नोकरी निजामाची, भाषा बंगाली. आबांना ते आधीच कळलं होतं, आणि तेही दगडाच्या रंगावरून.

त्याच वर्षी अहमदाबादहून हा मुलगा मुंबईला आला आणि डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिला. तिथल्या अन्नपूर्णेला त्यानं ‘नलिनी’ हे नाव दिलं, ही गोष्ट मराठी वाचकाला बहुधा ठाऊक असते. त्यावर आपण हळवं होऊन लिहितोही. पण अगदी आधीचे काही महिने तो मुलगा एका रिकाम्या महालात कुणीतरी असल्यासारखं वाटत हिंडत होता, हे त्यात सहसा येत नाही. मला ते दोन मुक्काम शेजारी ठेवून बघायला आवडतं. यातून काही सिद्ध होत नाही, हे मान्य.

शाहीबागेतल्या त्या महालात आता सरदार पटेलांचं स्मारक आहे. मी कामासाठी अहमदाबादला गेले होते तेव्हा अर्धा दिवस काढून जाऊन आले. काही दिसेल अशी अपेक्षा नव्हती. शाळेची एक सहल आली होती, मुलं रांगेत उभी होती, एका मुलाची चप्पल तुटली होती आणि ती हातात घेऊन तो फरशीवर पाय भाजल्यासारखा नाचत होता. कबुतरं मात्र होती. भरपूर.

तर माळवदावर परत येते. मोठीआईचा आक्षेप वेगळाच होता, आणि माझ्या मते आबांपेक्षाही वरचा. अण्णांनी शीर्षकाचा अर्थ सांगितला, भुकेले दगड. आमची अपेक्षा, ती म्हणेल दगडाला कधी भूक लागते व्हय. ती म्हणाली, “मग निवद का नाही दाखवला?”

तिच्या दृष्टीनं दगड भुकेला असणं ही बातमीच नव्हती. आमच्या शेताच्या बांधावर म्हसोबा होता. शेंदूर फासलेला एक गोटा. त्याला पेरणीआधी नारळ, राशीच्या वेळी नैवेद्य, आणि चुकलं तर बैल लंगडणार हे ठरलेलं. आडाजवळच्या पिंपळावर मुंजा होता, त्याला काय लागतं तेही माहीत होतं. आपल्याकडच्या भुताखेतांचा व्यवहार रोखठोक असतो. कोण आहे, कशानं अडकलं, काय मागतं आणि काय दिलं की सुटतं, असे चार रकाने भरले की काम संपलं. आणि इथं हा शिकलेला माणूस रोज रात्री नटूनथटून बसतो, ती बाई रडते, कपाळ आपटून घेते, आणि हा तिला एकदाही विचारत नाही की बाई, तुला पाहिजे काय?

पण खरा संताप शेवटाला झाला. करीम खान सांगतो की त्या महालात एके काळी अतृप्त वासनांचा इतका जाळ झाला की एकेक दगड तहानलेला-भुकेला झालाय, जिवंत माणूस सापडला की गिळायला बघतो. तीन रात्री तिथं राहिलेल्यांपैकी एक मेहेर अली तेवढा वाचला, तोही वेडा होऊन. माझ्या सुटकेला काही उपाय? एकच आहे, फार अवघड आहे. सांगतो, पण त्याआधी त्या इराणी मुलीची हकीकत ऐकायला हवी. तशी दुःखाची गोष्ट या जगात दुसरी घडली नाही.

आणि गाडी आली. हमालांची धावपळ. पहिल्या वर्गाच्या डब्यातून झोपेतून उठलेला एक इंग्रज डोकावतो, आपल्या गृहस्थाला ओळखतो, हाक मारतो, डब्यात घेतो. गाडी सुटते. संपलं.

अण्णांनी बॅटरी बंद केली. “पुढं?” आम्ही दोघं एकदम. “पुढं काही नाही. गाडी आली.”

“उतारा सांगितलाच नाही?” मोठीआई उठून बसली. तिला त्या मुलीची हकीकत न कळल्याचं तितकं वाईट वाटलं नव्हतं. बायकांच्या हकीकती तिला माहीत होत्या. पण एका माणसाला उतारा ठाऊक आहे, दुसऱ्याला त्याची गरज आहे, आणि मधल्यानं तो गिळला, हे तिला पाप वाटलं. पुढं कित्येक दिवस, कुणी सांगता सांगता थांबलं की ती म्हणायची, “आली का तुझी गाडी?” आमच्या घरात ही म्हण अजून चालते. बाहेरच्यांना समजत नाही.

मुलीची हकीकत हवी होती ती आईला. तेव्हा ती काही बोलली नाही. १९९१ मध्ये ‘लेकिन’ आला, तोवर मी बारावीत. गुलजारांचा सिनेमा याच गोष्टीच्या पायावर उभा, महाल राजस्थानात, निर्मिती लतादीदींची, संगीत हृदयनाथांचं. गाण्यांसाठी आम्ही सगळे गेलो. येताना रिक्षात आई म्हणाली, “ही खरी गोष्ट. पोरीचं काय झालं ते तरी सांगितलं.” सिनेमात त्या बाईला नाव आहे, भूतकाळ आहे, शेवटी सुटका आहे. अण्णांना तेच खटकलं. म्हणाले, रवींद्रनाथांनी मुद्दाम बंद ठेवलेलं दार यांनी उघडलं. आई म्हणाली, “दार बंद ठेवणारा बाहेर असतो, आत कोण आहे त्याला विचारा.” मी तेव्हा अण्णांच्या बाजूची होते. शिकलेल्या माणसाला अपुरा शेवट आवडायलाच हवा, असं मला त्या वयात वाटायचं. आता दोन्ही बाजूंनी विचार करते आणि कुठल्याच बाजूला झोप येत नाही.

भावाला गोष्टीत एकच माणूस आवडला, मेहेर अली. अण्णांच्या इंग्रजी पुस्तकात त्याच्या आरोळीचं जे होतं त्याचं त्यांनी “मागे व्हा, मागे व्हा, सगळं खोटं आहे” असं केलं होतं. भाऊ तो सगळा उन्हाळा घराभोवती हेच ओरडत पळत होता, शेजारी शेवटी सांगायला आले.

मूळ वाक्य मला पुण्यात कळलं, ऑफिसात शेजारी बसणाऱ्या कलकत्त्याच्या मैत्रिणीकडून. मी मोठ्या थाटात तिला सांगत होते की आमच्याकडच्या भुतांच्या मागण्या ठरलेल्या असतात, तुमची भुतं नुसती उसासे टाकतात. तिनं मला तिथंच धुतलं. म्हणाली, आमचं मेछो भूत माशासाठी माणसाच्या मागं लागतं, शाकचुन्नी आहे, पेत्नी आहे, बेलाच्या झाडावर ब्रह्मदैत्य बसतो, तो तुमच्या मुंज्याचा भाऊच. तुझी आजी बंगालमध्ये आरामात राहिली असती. उसासे टाकणारं भूत बंगालचं नाही, ते रवींद्रनाथांचं आहे. मग तिनं तिच्या वडिलांची नक्कल केली. त्यांनी तपन सिन्हांचा १९६० चा सिनेमा कॉलेजात असताना पाहिलेला, सौमित्र चटर्जींचा. टीव्हीवर बातम्या लागल्या की ते वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणायचे, “तफात जाओ, तफात जाओ! सब झूट हॅय!”

सगळी गोष्ट बंगालीत आणि ही एक आरोळी हिंदुस्थानीत. मूळ वाचणाऱ्यालाही ती परक्या आवाजातच ऐकू येते. आणि तो शब्द, तफात. बंगालीत त्याचा अर्थ अंतर, लांब व्हा. पण आबांच्या घरात वाढलेल्या माणसाला तो शब्द कसा ऐकू येतो सांगते. तफावत. वहीचा जमाखर्च जुळला नाही की आबा चश्मा कपाळावर सरकवून, बोट त्या ओळीवर ठेवून म्हणायचे, “तफावत आहे.” किराण्याच्या उधारीत, दुधाच्या रतिबात, कुठंही. दोन्हींचं मूळ एकच, अरबी. कापसाचा ‘माशुल’ म्हणजे आपला महसूल, हेही तिनंच दाखवलं. त्या दिवशी मी घरी जाईपर्यंत डोक्यात एकच चित्र होतं : पहाटे महालाभोवती फिरणारा वेडा नाही, तर एक म्हातारा कारकून, हिशेब पुन्हा पुन्हा लावणारा, आणि दर फेरीला तेवढाच फरक येतोय. आबा तेव्हा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांना मूळ शब्द ऐकवायचा राहिला. अण्णांच्या भाषांतरानं तो मध्येच अडवला होता.

गोष्टीचा खरा शेवट मात्र गाडी सुटण्यानं होत नाही. मी तो गाळून सांगितला, आणि बहुतेक जण गाळूनच सांगतात. दोघे नातेवाईक दुसऱ्या वर्गात चढल्यावर निवेदक म्हणतो, त्या माणसानं आपल्याला येडं समजून बनवलं, गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत रचलेली. थिऑसॉफिस्टाला ते पटत नाही. वाद होतो. आणि त्या वादापायी दोघांचं जन्माचं तुटतं. एवढ्यावर रवींद्रनाथ थांबतात.

थिऑसॉफिस्ट हा त्या काळचा ओळखीचा नमुना. त्या पंथाचे संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाई आणि कर्नल ऑलकॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, आणि पुढच्या पंधरा वर्षांत शिकलेल्या घरांतून असा एकेक काका किंवा मेहुणा तयार झाला. लोक हा शेवट विनोदाचा म्हणून हसून सोडून देतात. मीही सोडत आले. पण इराणी मुलीची गोष्ट अपुरी, उतारा अपुरा, महालाचं काय झालं ते अपुरं, सांगणारा कोण तेही माहीत नाही. पुरी झालेली गोष्ट एकच, ऐकणाऱ्या दोघांचं भांडण. तिच्यात मात्र काही शिल्लक ठेवलेलं नाही. महालाच्या दगडांनी कुणाला गिळलं की नाही, देव जाणे. वेटिंग रूममधल्या दोघांना गोष्टीनं गिळलं, हे लिहून ठेवलेलं आहे.

हे मला सुचलं ते वाचून नाही, भावाशी भांडून.

त्या रात्री सगळ्यांचं बोलून झाल्यावर, अण्णा आणि आई झोपेला आलेले, मोठीआई अजून पुटपुटत असलेली, तेव्हा आबा आभाळाकडे बघत म्हणाले, “दीडशे नाहीत पायऱ्या. साठ-सत्तर असतील.” मी विचारलं, कुठल्या? ते म्हणाले, नाक्यावर बदली झाली होती तिथल्या. खाली नदी होती. राहायला दुसरी जागा नव्हती, दोन रात्री काढल्या. तिसऱ्या रात्री... आणि लाइट आली. गल्लीभर पोरं “आली, आली” ओरडली, वाकळा गोळा झाल्या, आम्ही खाली. नंतर मी दोनदा विचारलं. एकदा ते नुसते हसले, एकदा ऐकू न आल्यासारखं केलं.

भाऊ म्हणतो, यातलं काही झालेलं नाही. आबा घोरत होते. तू ती गोष्ट पुढं इतक्या वेळा सांगितलीस की शेवट कमी पडतो म्हणून एक तयार केलास. हे तो पहिल्यांदा म्हणाला ते आबांच्या वर्षश्राद्धाला, सगळ्यांसमोर, आणि आम्ही आठ महिने बोललो नाही. आता बोलतो, पण हा विषय निघाला की दोघांचा आवाज चढतो, आणि त्याची बायको पोरांना आतल्या खोलीत नेते.

त्याच्याकडे पुरावाही आहे. त्या रात्री लाइट आलीच नव्हती, तो सांगतो. सकाळपर्यंत नव्हती. मोटर चालली नाही म्हणून त्यानं आणि अण्णांनी आडावरून आठ घागरी आणल्या, रहाट कुरकुरत होता, शेवटची घागर त्याच्या पायावर आदळली. अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे, ते तो दाखवतो.

मला एकदम पेटलेला खांबावरचा पिवळा दिवा आठवतो. आणि त्या उजेडात उठून बसलेले आबा, उशाशी टोपी चाचपत.